‘इलेक्ट्रिक गाडीला खर्चच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल एक मेसेज फिरतोय. गाभा असा: “पेट्रोलच्या गाडीत फिरणारे पार्ट दोन हजार, इलेक्ट्रिक गाडीत वीस. म्हणून मेंटेनन्स शून्य. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी, तोवर बघायला नको. पुढं बॅटरी बदलली की गाडी नवी. काही बिघडलंच तर सॉफ्टवेअर अपडेटनं घरबसल्या दुरुस्त. गल्लीतले मेकॅनिक नावं ठेवतात, कारण त्यांचं दुकान बसतंय.” सोबत किलोमीटरला पंचवीस पैशांचा हिशेब.

हिशेबाचं आधी उरकतो, कारण तो जवळपास बरोबर आहे. तीन युनिटच्या बॅटरीत शंभरेक किलोमीटर होतात. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर किलोमीटरला २५ ते ३० पैसे. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर सव्वादोन रुपयांच्या वर जातात. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज कामाला जाणाऱ्याचे वर्षाला पंधरा-अठरा हजार सहज वाचतील. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. मेसेजमधल्या बाकीच्या ओळी मात्र एकेक करून तपासायला हव्यात.

“फिरणारे पार्ट वीस, म्हणून मेंटेनन्स शून्य”

दोन हजार हा आकडा कुठून आला कोण जाणे, पण फिरणारे पार्ट कमी असतात हे खरं. ऑइल नाही, प्लग नाही, व्हॉल्व्ह नाही. प्रश्न असा, की या गाड्या बंद पडतात त्या फिरणाऱ्या पार्टांमुळे पडतात का? बहुतेक वेळा नाही. कनेक्टरमध्ये पाणी जातं, मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमधला मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जळतो, बारा व्होल्ट बनवणारा कन्व्हर्टर जातो आणि डिस्प्ले-लाइट सगळंच गप्प होतं. थ्रॉटलचा, म्हणजे रेस द्यायच्या मुठीचा, सेन्सर चुकीचं वाचतो, चार्जरचा पंखा अडकतो. यातलं चाकाला जोडून फिरणारं जवळपास काहीच नाही. टायर, ब्रेक पॅड, हँडलचा कोनसेट आणि शॉकॲब्सॉर्बर तर पेट्रोल गाडीसारखेच झिजतात, आणि आपल्याकडे रस्ता केला की तो खोदायची जी घाई असते, त्यात जरा जास्तच झिजतात.

मोटर मागच्या चाकातच असलेल्या गाडीचं चाक काढायचं म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड फेज वायरी आणि सेन्सरची वायर सोडवावी लागते. टायर बदलायला गेलात की पंक्चरवाला आधी या वायरींकडे बघतो आणि मग “शोरूमला न्या” म्हणतो. त्याचं चुकतं असं नाही. वायर तुटली तर निस्तरणार कोण?

“आठ वर्षांची वॉरंटी, तोवर बघायला नको”

काही कंपन्या ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटर अशी वॉरंटी देतात. त्यातला ‘किंवा’ नीट वाचा: जे आधी संपेल ते. मग टक्केवारी बघा. ती साधारण ७० च्या आसपास असते, म्हणजे बॅटरीची क्षमता त्याच्या खाली गेली तरच कंपनी काही देणं लागते. शंभर किलोमीटर जाणारी गाडी पंच्याहत्तरवर आली, तर कागदोपत्री ती ठणठणीत आहे. तुळजापूरला जाऊन परत यायचं, म्हणजे नव्वदेक किलोमीटर, हे ज्यांचं नेहमीचं काम आहे त्यांची मात्र अडचण सुरू झालेली असते.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही, न वापरताही ती उष्णतेत लवकर म्हातारी होते. बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं. दुपारी दोनला उन्हातून येऊन लगेच प्लग लावला आणि चार्जिंग सुरू झालं नाही, तर चार्जर बिघडलाय असं समजू नका. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, तापमान उतरायची वाट बघत असतो. तासभर सावलीत ठेवा, मग लावा.

वॉरंटी हा कंपनीचा शब्द आहे. कंपनी टिकली तर शब्द टिकतो. हिरो इलेक्ट्रिक ही या धंद्यातली जुनी कंपनी, हिरो मोटोकॉर्पपेक्षा वेगळी. डिसेंबर २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी ग्राहकानं वॉरंटीचं कार्ड घेऊन जायचं कुणाकडे?

“बॅटरी बदलली की गाडी नवी”

खरं दुखणं इथं आहे. बॅटरीच्या पेटीत असतात ते सेल बऱ्याचदा जगभर एकसारख्या मापांचे असतात, १८६५० किंवा २१७०० अशा आकड्यांनी ओळखले जाणारे. सेलभोवतीचं सगळं मात्र त्या त्या कंपनीचं: पेटीचा आकार, कनेक्टर, बीएमएस आणि त्याची भाषा. महागड्या गाड्यांत बॅटरी, कंट्रोलर आणि डिस्प्ले एकमेकांना ओळखतात. नवा पार्ट बसवला तरी कंपनीच्या लॅपटॉपवरून त्याची नोंद झाल्याशिवाय गाडी त्याला दारात उभं करत नाही. उद्या त्या मॉडेलची पेटी बनायची थांबली, तर बाहेरची पेटी बसवून चालत नाही. आणि पेटी मिळालीच, तर गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा तरी तिथंच जातो.

गंमत अशी, की ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, लायसन्स न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांचं उलट आहे. त्यातला ६० व्होल्टचा कंट्रोलर बाजारात सुटा मिळतो. व्होल्ट आणि वॅट जुळले, वायरींचे रंग लावले, की झालं. लेड-ॲसिडवाल्या गाडीत तर बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या, इन्व्हर्टरच्या दुकानदारालाही कळणाऱ्या. दर्जा यथातथा, ब्रेक त्याहून यथातथा, बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते. तरीही दहा वर्षांनी चालू स्थितीत सापडण्याची शक्यता मला दीड लाखाच्या गाडीपेक्षा हिचीच जास्त वाटते.

कंपन्या म्हणतात, बाहेरचा पार्ट चालू न देणारं हे कुलूप सुरक्षेसाठी आहे. बॅटरीपुरतं मी ते मान्य करतो. २०२२ मध्ये स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं सरकारी मानक कडक झालं. कुणीही पेटी फोडून सेलला झाळणी लावावी, हे चालणारच नाही. पण साइड स्टँडच्या स्विचला कुलूप कशासाठी? थ्रॉटलला, डिस्प्लेला कशासाठी? त्यांनी कधी घर पेटवलंय?

“सॉफ्टवेअर अपडेटनं घरबसल्या दुरुस्त”

अपडेटनं रेंजचा अंदाज सुधारतो, पिकअप मऊ होतो. जळालेला मॉस्फेट अपडेटनं जुळून येत नाही. ॲपवर टेकलेल्या वाहनाचं काय होऊ शकतं ते नेदरलँड्समध्ये दिसलं. व्हॅनमूफ ही तिथली नावाजलेली ई-सायकल कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर झाली. सायकलचं लॉक उघडणारी डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून यायची, म्हणून सर्व्हर बंद पडायच्या आत किल्ली उतरवून घ्यायला मालकांची धावपळ उडाली. त्यांना किल्ली जपून ठेवायला ॲप करून दिलं ते काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनं. पार्टही बहुतेक व्हॅनमूफचे स्वतःचे, त्यामुळे तिथल्या सायकल दुकानदारांनी आधीच हात वर केले होते. पुढं दुसऱ्या कंपनीनं व्हॅनमूफ विकत घेतली, म्हणून निभावलं.

“मेकॅनिकचं दुकान बसतंय, म्हणून तो नावं ठेवतो”

या ओळीचा मला राग आला. हे गाव यंत्रमागाचं आहे. पूर्व भागात चादरीचे आणि टॉवेलचे जुने माग अजून खडखडतात, ते बनवणाऱ्याच्या वॉरंटीवर नव्हे. कास्टिंग इथं ओतलं जातं, पार्ट इथल्या लेथवर उतरतो, जळालेली मोटर इथंच रिवाइंड होते. मोटर, बेअरिंग आणि वायंडिंग कळणारी इतकी माणसं ज्या गावात आहेत, तिथं स्कूटरची मोटर उघडायला माणूस मिळू नये? चाकातल्या मोटरमधले, ती कितपत फिरली ते कंट्रोलरला सांगणारे तीन हॉल सेन्सर म्हणजे किरकोळ किमतीचा माल. एक गेला की गाडी झटके देते. सेन्सर बदलण्याऐवजी ग्राहकाच्या हातात अख्ख्या मोटरचं कोटेशन पडतं, कारण सुटा पार्ट विकायचा नाही आणि वायरिंगचा नकाशा द्यायचा नाही, असं वर कुणीतरी ठरवलेलं असतं.

असं ठरवणं नवं नाही. बाहेरच्या गॅरेजना स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढं अपिलांत गेलं, पण निरीक्षण आजच्या गाड्यांनाही जसंच्या तसं लागू पडतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं, त्यात वाहनं आहेत. कंपनीचं नाव पोर्टलवर झळकलं म्हणून सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या गॅरेजमध्ये पार्ट येत नाही, ही गोष्ट वेगळी.

गाडी घ्यायचीच असेल तर शोरूममध्ये टेस्ट राइडच्या आधी एक कागद मागा. कंट्रोलर, चार्जर, डिस्प्ले, थ्रॉटल आणि बॅटरी यांचे आजचे सुटे भाव त्यावर लिहून घ्या. पार्ट सोलापुरात असतो की पुण्याहून येतो, आणि आला नाही तर गाडी किती दिवस उभी राहील, हे मालकाला नको, वर्कशॉपमधल्या पोराला विचारा. मोबाइल बंद करून गाडी सुरू होते का ते समोर करून बघा. आणि पेट्रोलचे वाचलेले पैसे चार वर्षं बाजूला टाका, साठ-सत्तर हजार होतील. ते बॅटरीचे आहेत.