हिरवी किटली बनवण्याचा राजमार्ग

विजेची किटली डिझाइन करायची आहे आणि ती ‘पर्यावरणपूरक’ हवी असा वरून हुकूम आलाय? घाबरू नका. आधी खोक्यावर काय छापायचं ते ठरवा, मटेरियल मग आपोआप सुचतं. किटलीला उकळतं पाणी सोसायचंय, वाफ सोसायचीय, रोज चारदा तापून निवायचंय, कधीतरी ओट्यावरून खाली पडायचंय, अशा याद्या करत बसणारी मंडळी असतात. त्यांना करू द्या. त्यांची यादी पूर्ण होईपर्यंत तुमच्या खोक्याची छपाई झालेली असेल.

‘वनस्पतीजन्य’ हा शब्द मनात भरला असेल तर पीएलए, म्हणजे मका-उसाच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक, घ्या. साधं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि किटलीत पाणी शंभरला उकळतं, हा तपशील टेस्टिंगवाल्यांचा आहे. त्यांनाही काहीतरी काम हवंच की. ‘कंपोस्ट होते’ हे ठळक छापा. त्यासाठी 58 अंशांच्या आसपास कित्येक आठवडे तापलेला औद्योगिक कंपोस्टचा ढीग लागतो, हे छापायला खोक्यावर जागा कुठून आणणार? घरामागच्या खतखड्ड्यात ती किटली वर्षानुवर्षं जशीच्या तशी सापडेल. त्याला ‘टिकाऊ’ म्हणा, म्हणजे आणखी एक शब्द फुकट मिळाला.

बांबू हवा असेल तर बांबूची पूड मेलामाइन रेझिन नावाच्या कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये कालवून दाबून घ्या. रंग मातकट येतो, हात लावला की निसर्गाच्या कुशीत गेल्यासारखं वाटतं. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणजे रिसायकलिंग संपलं. आणि गरम, आंबट द्रवाच्या संपर्कात त्यातून फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायन सुटू शकतं. तेव्हा हा भाग झाकणाच्या नेमका आतल्या बाजूला लावा.

एखादा जुना इंजिनिअर म्हणेल, साधं रंगहीन पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक, वापरा: उकळतं पाणी सोसतं, स्वस्त आहे, घनता 0.9 म्हणून पाण्यावर तरंगतं, त्यामुळे भंगाराचे तुकडे पाण्याच्या टाकीत टाकून वेगळं काढता येतं. त्याचा अपमान करू नका. पीपीच घ्या, फक्त थोडं सुधारून घ्या. कडकपणासाठी 20 टक्के टाल्क, म्हणजे दगडाची मऊ पूड, मिसळा. घनता एकच्या वर गेली की तो तुकडा टाकीच्या तळाशी नको त्या प्लास्टिकांच्या संगतीत जाऊन बसतो. मग कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी पूड, टाकून काळाकुळकुळीत करा. रिसायकलिंग कारखान्यातल्या छाननीच्या पट्ट्यावरचे इन्फ्रारेड सेन्सर परतून आलेल्या प्रकाशावरून प्लास्टिक ओळखतात. हा काळा रंग तो प्रकाश गिळून टाकतो, सेन्सरला तिथे काहीच दिसत नाही. मुठीवर टीपीई या रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा थर साच्यातच चढवा, तो नखानेसुद्धा सुटत नाही. तळ स्क्रूने न बसवता चिकटवून टाका. चाळीस पैशांचं स्विच बिघडलं तरी अख्खी किटली फेकावी लागेल, आणि खोक्यावर ‘100 टक्के रिसायकल करण्याजोगी’ हे तत्त्वतः खरंच राहील.

मटेरियल बदलायचं असेल तर साचा कापून झाल्यावरच बदला. समजा, स्टीलच्या किटलीचं झाकण पॉलिकार्बोनेटचं ठरलं होतं आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला ‘बीपीए-मुक्त’ हवंसं वाटलं (बीपीए म्हणजे पॉलिकार्बोनेट बनवताना लागणारं रसायन). त्याच साच्यात पीपीचे दाणे ओता. साच्यात निवताना पॉलिकार्बोनेट साधारण 0.6 टक्के आकसतं, पीपी सहज दीड टक्का. 130 मिलिमीटरचं झाकण सव्वा मिलिमीटरच्या आसपास लहान येईल. स्टीलचं तोंड काही त्याच्यासाठी आकसणार नाही. फटीतून वाफ निसटेल. आता, पाणी उकळल्यावर किटली बंद होते ती वाफेमुळेच: वाफ मुठीतल्या वाटेने खाली जाऊन दोन धातू जोडून केलेल्या द्विधातूच्या चकतीला तापवते, चकती टपकन उलटी वळते, स्विच पडतो. वाफ फटीतून गेली तर चकती गारच आणि पाणी उकळतच. साचा दुरुस्त करायला पैसे लागतात. त्यापेक्षा माहितीपुस्तिकेत ‘किटलीकडे लक्ष ठेवावे’ अशी एक ओळ घाला.

किटलीच्या बैठकीच्या तळाला ॲल्युमिनियम लावत असाल तर भंगारातून वितळवलेल्या ॲल्युमिनियमला नव्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, हा आकडा जाहिरातीत द्या. खरेदी नव्याची करा.

एका गोष्टीला मात्र चुकूनही हात लावू नका: पाण्याची किमान खूण. किटलीचा पर्यावरणावरचा आयुष्यभराचा बहुतांश भार प्लास्टिकमुळे नसून पाणी उकळण्यामुळे पडतो, हे कुणी बैठकीत काढलं तर विषय बांबूकडे वळवा. खूण एक लिटरवर ठेवली की कपभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी हवं असणाराही 800 मिलिलिटर जास्तीचं उकळतो. दिवसातून चारदा हे झालं आणि उरलेलं दर वेळी निवून गेलं, तर वर्षाला शंभरेक युनिट वीज नुसती हवेत जाते. खूण खाली आणायला तापणाऱ्या तळाचा आकार बदलावा लागेल, आणि तो बदल खोक्यावरच्या फोटोत दिसत नाही.

सगळं ठरलं की ड्रॉइंगवर मटेरियलच्या चौकटीत नेमका ग्रेड लिहू नका. ‘रिसायकल केलेले पीपी किंवा समतुल्य’ एवढं पुरे. समतुल्य म्हणजे काय, ते खरेदी विभागाला नीट कळतं.