‘हेवी-ड्यूटी पिकअप घ्यायचा तर डिझेलच’: एका फॉरवर्डचा समाचार

अमेरिकेतल्या मराठी गटांवर ट्रक घेण्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास येऊन पडतो. पाठवणारे बदलतात, मजकूर तोच. सार असं: फोर्ड एफ-२५०, शेवरोले सिल्वराडो २५००, रॅम २५०० किंवा त्यांचे थोरले भाऊ घ्यायचे तर डिझेलच घ्या. पेट्रोल इंजिनात निम्मासुद्धा टॉर्क (चाक फिरवणारा पिळाचा जोर) नसतो. डिझेलचे जादा पैसे मायलेजमधून तीन वर्षांत वसूल होतात. डिझेल पाच लाख मैल चालतं, पेट्रोल दीड लाखात राम म्हणतं. आणि पेट्रोलच घ्यायचं असेल तर डोळे मिटून सर्वांत मोठं इंजिन घ्या, बाकी सगळी सारखीच.

पुण्याकडच्या माणसाला हे पटायला फार वेळ लागत नाही. कमिन्स हे नाव आपल्याला घरचं. किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची, कोथरूडचा कारखाना बसमधून जाता-येता पाहिलेला, कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच नावाचं, सोसायटीतला जनरेटरही बहुतेक त्यांचाच. रॅमच्या बॉनेटखाली तेच नाव दिसलं की निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. इंजिन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की वर्षातून चार वेळा कॅम्पिंगचा ट्रेलर ओढणाऱ्या माणसाला ते लागतं का.

‘पेट्रोलमध्ये निम्मासुद्धा टॉर्क नसतो.’ आकडा बरोबर आहे. फोर्डचं ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल १०५० पौंड-फूट टॉर्क देतं, ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८ देतं ४८५. पण चढावर ट्रेलर किती वेगाने वर जाणार हे एकटा टॉर्क ठरवत नाही. ते ठरतं ताकदीवर, आणि ताकद म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. त्या गुणाकाराला ५२५२ ने भागलं की हॉर्सपॉवर मिळते. डिझेलचा १०५० चा टॉर्क १६०० फेऱ्यांना येतो, म्हणजे तिथे साधारण ३२० हॉर्सपॉवर. पेट्रोलचा ४८५ चा टॉर्क ४००० फेऱ्यांना, म्हणजे तिथे जवळपास ३७०. कमाल ताकद बघायची तर डिझेल ४७५, पेट्रोल ४३०. टॉर्कमध्ये दुपटीहून जास्त दिसणारा फरक ताकदीत दहा टक्क्यांवर येतो. मधली दरी गिअरबॉक्स भरून काढतो. दहा गिअर त्यासाठीच असतात.

यात एक मेख आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पेट्रोल इंजिनाला ती ताकद द्यायला ४००० च्या वर फिरावं लागतं. चढावर गाडी दोन-तीन गिअर खाली येते, इंजिन ओरडायला लागतं आणि शेजारी बसलेलं माणूस विचारतं, ‘काही बिघडलं का?’ बिघडलेलं काही नसतं. हे इंजिन तसंच चालवायला बनवलंय. डिझेल हेच काम गुणगुणत करतं. दिवसाचे आठ तास ट्रेलर ओढणाऱ्याला या शांततेचे पैसे द्यावेसे वाटतील आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याला आराम म्हणावं. क्षमतेचा हिशेब वेगळा असतो.

तो हिशेब मोजायची पद्धतही ठरलेली आहे. ट्रेलर ओढण्याची क्षमता कंपन्या एसएई जे२८०७ या मानकाने जाहीर करतात. त्यातली एक परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर असते: बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, मागे जाहीर केलेलं सगळं वजन, आणि मागे चार चाकं असलेल्या ड्युअलीला थोडी सवलत सोडली तर वेग ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. पेट्रोलच्या ट्रकवर लिहिलेला आकडा असल्या चढावरून आलेला असतो.

‘तीन वर्षांत पैसे वसूल.’ हा दावा मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण तो पाठवणाऱ्यांतले बरेच जण पोटापाण्यासाठी एक्सेल शीटच बनवतात. आधी एक गोष्ट: ८५०० पौंडांहून जास्त एकूण वजनाच्या या ट्रकांना ईपीएचं, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याचं, मायलेजचं लेबलच नसतं. शोरूममध्ये खिडकीवर शोधाल तर सापडणार नाही. जे आकडे फिरतात ते मालकांनी सांगितलेले असतात, आणि मालक आपल्या गाडीचं मायलेज सांगताना थोडा उदार होतोच.

तरी गणित मांडू. वर्षाला १२,००० मैल. रिकामा ट्रक, पेट्रोल १३ मैल देतो आणि डिझेल १७ असं धरू. पेट्रोल ३ डॉलर गॅलन, डिझेल ३ डॉलर ६० सेंट. पेट्रोलचा वर्षाचा खर्च साधारण २७७० डॉलर, डिझेलचा २५४०. बचत २३० डॉलर. डिझेल इंजिनासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जादा मोजावे लागतात. भागाकार करा, उत्तर चाळीस वर्षांच्या वर जातं, आणि त्यात अजून डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रावण), दोन-दोन इंधन फिल्टर आणि १३ क्वार्ट ऑइलचा प्रत्येक बदल धरलेला नाही. ७.३ पेट्रोलला ८ क्वार्ट पुरतं.

कायम ट्रेलर ओढणाऱ्याचं गणित वेगळं. पेट्रोल साडेआठ, डिझेल साडेअकरा मैल धरून वर्षाला ४०,००० मैल ओढले तर बचत सोळाशे डॉलरच्या घरात जाते आणि सहा-सात वर्षांत पैसे फिटतात. भाड्याने माल वाहणाऱ्यांना हे जमतं. तीन वर्षं त्यांनाही पुरत नाहीत.

डिझेलचा भावही आपल्या हातात नसतो. तिथल्या केंद्र सरकारचा करच गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे. २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलची देशभरातली सरासरी पाच डॉलरला टेकली तेव्हा डिझेल साडेपाचच्या वर गेलं होतं. पुनर्विक्रीत डिझेलला जास्त भाव येतो हे मात्र खरं, आणि जादा दिलेल्या रकमेतला काही भाग तिथे परत मिळतो. फॉरवर्डमधला हा मुद्दा मी मान्य करतो. पण मग ती वसुली गाडी विकल्यावरची, पंपावरची नव्हे.

‘डिझेल पाच लाख मैल, पेट्रोल दीड लाख.’ पाच लाख मैलांची कीर्ती आहे जुन्या यांत्रिक डिझेलांची, ज्यांच्या धुराड्यात कसलाही फिल्टर नव्हता. आजच्या डिझेलचा लोखंडी ठोकळा तेवढा टिकेलही. त्याच्या भोवती जे लटकवलंय ते टिकेल का, हा खरा प्रश्न. काजळी पकडणारा डीपीएफ, डीईएफची टाकी आणि तिचा हीटर, नॉक्सचे (नायट्रोजन ऑक्साइडचे) सेन्सर, टर्बो, उच्च दाबाचा इंधनपंप. सीपी४ जातीचा पंप आतून झिजला की त्याचा धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत सगळीकडे पोचतो आणि पूर्ण इंधनव्यवस्था बदलावी लागते. हा पंप जीएम (शेवरोलेची मूळ कंपनी) आणि फोर्डनेही वापरला. रॅमने २०१९ मध्ये घेतला, त्यावर रिकॉल काढला आणि पुन्हा जुन्या सीपी३ कडे वळली. खुद्द कमिन्सने २०२३ च्या डिसेंबरमध्ये १६७.५ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड मान्य केली. रॅमच्या २०१३ ते २०२३ मधल्या जवळपास दहा लाख ट्रकांच्या इंजिनांतल्या प्रदूषण नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचं ते प्रकरण होतं.

आणि डीपीएफला लांब, गरम पल्ला लागतो. काजळी जाळून टाकण्याइतकी उष्णता मुलांना शाळेत सोडून पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानातून भाजी आणण्यात तयार होत नाही. आठवडाभर असंच चालवा, डॅशबोर्डवर दिवा लागलाच.

उलट आजची पेट्रोल इंजिनं कामाच्या गाड्यांसाठीच बनलेली आहेत. फोर्डचं ७.३, ज्याला सगळे गॉडझिला म्हणतात, २०२० साली आलं: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, घडीव पोलादाची क्रँक, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, पिस्टनवर खालून ऑइलचा फवारा. हेच इंजिन मोठ्या एफ-६५० आणि एफ-७५० मध्ये, ई-सिरीज व्हॅनमध्ये, मोटरहोमच्या चासीवर आणि ब्लू बर्डच्या शाळेच्या बसमध्ये बसतं. शाळेची बस चालवणारा जिल्हा दीड लाख मैलांत राम म्हणणारं इंजिन विकत घेत बसेल असं वाटतं का?

आता शेवटचा दावा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो: ‘पेट्रोलमध्ये सर्वांत मोठं घ्या, बाकी सारखीच.’ सारखी अजिबात नाहीत.

फोर्डमध्येच दोन आहेत. २०२३ पासून जुन्या ६.२ च्या जागी ६.८ लिटरचं व्ही-८ आलं. ते ७.३ चंच धाकटं भावंड, पिस्टनची धाव कमी केलेली: ४०५ हॉर्सपॉवर, ४४५ पौंड-फूट. ७.३ चा टॉर्क त्याहून नऊ टक्के जास्त. आता अ‍ॅक्सल रेशो बघा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे होतात तो आकडा. ३.७३ ऐवजी ४.३० घेतला तर चाकावरचा टॉर्क त्याच गिअरमध्ये पंधरा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे कागदावर ४.३० चं ६.८ हे ३.७३ च्या ७.३ ला त्याच गिअरमध्ये मागे टाकतं. प्रत्यक्षात दहा गिअरांचा बॉक्स हा फरक बराच पुसून टाकतो, पण बोटीसकट ओल्या उतारावरून वर निघताना, पहिल्या गिअरमध्ये, तो हाताला जाणवतो. इंजिनाच्या आकारावरून रात्र-रात्र भांडणारे लोक अ‍ॅक्सल रेशो कोणता घेतलाय ते सांगू शकत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

जीएमचं ६.६ लिटर, एल८टी: ४०१ हॉर्सपॉवर, ४६४ पौंड-फूट. आकाराने फोर्डच्या ६.८ पेक्षा लहान, टॉर्क जास्त. कारण इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आतली हवा थंड राहते आणि १०.८ चं कॉम्प्रेशन साध्या ८७ ऑक्टेनवर निभावतं. याची किंमतही आहे. थेट फवाऱ्यात इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन साचू शकतो. फोर्डने पोर्ट इंजेक्शन ठेवून ती कटकट टाळली. एल८टीची माझ्या मते सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे त्यात सिलिंडर बंद-चालू करण्याची यंत्रणाच नाही. जीएमच्या लहान ट्रकांच्या व्ही-८ मध्ये ती असते आणि तिथल्या लिफ्टरांनी (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांनी) अनेकांना रडवलंय. सुरुवातीच्या वर्षांत या इंजिनाला सहाच गिअर होते, आणि ट्रेलर मागे असला की दोन गिअरांमधलं अंतर अंगावर यायचं. २०२४ पासून पेट्रोललाही अ‍ॅलिसनचा दहा गिअरांचा बॉक्स मिळाला. जुना एल८टी घेत असाल तर पहिला प्रश्न इंजिनाबद्दल विचारू नका, गिअरबॉक्सबद्दल विचारा.

रॅमचं ६.४ हेमी हॉर्सपॉवरमध्ये यांच्याच रांगेत, ४०५ ते ४१० च्या दरम्यान, पण टॉर्क ४२९ वरच थांबतो. आठ गिअरांचा झेडएफ बॉक्स सुरेख आहे, ट्रकची केबिन तिघांत सर्वांत आरामाची आहे. पण यात सिलिंडर बंद होतात, सोळा स्पार्क प्लग बदलावे लागतात, कंपनी ८९ ऑक्टेनची शिफारस करते, आणि लिफ्टर-कॅमच्या तक्रारी गॅरेजवाल्यांना तोंडपाठ आहेत. तासन्‌तास आयडलवर उभा राहणारा ट्रक असेल तर मी हे इंजिन घेणार नाही. रिकामा ट्रक जास्त आणि ट्रेलर कमी, अशा माणसाला त्याबद्दल तक्रार करायचं कारण सहसा मिळणार नाही.

फॉरवर्ड कुठे बरोबर आहे, तेही सांगतो. कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी आत्तापर्यंतचं सगळं जरा सबुरीने वाचावं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत एक तृतीयांश ताकद गेलेली असते आणि ४३० चे २९० च्या आसपास उरतात. टर्बोमुळे डिझेलला हा फटका फारच कमी बसतो. आणि चढापेक्षा उतार महत्त्वाचा: डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक बारा हजार पौंडांचा ट्रेलर पायाचा ब्रेक फारसा न दाबता रोखून धरतो. पेट्रोल ट्रकही गिअर उतरवून इंजिनाच्या जोरावर रोखतो, पण जड ट्रेलर असेल तर मधूनमधून ब्रेक लावावाच लागतो. रॉकी पर्वतात नेहमी जड ओढत असाल तर डिझेल घ्या.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात कुठेच नाही: डिझेल इंजिन आणि त्याचा सगळा गोतावळा पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड असतो, आणि बरेचसे २५०-२५०० ट्रक एकूण १०,००० पौंडांच्या मर्यादेत नोंदवलेले असतात. इंजिनाचं वाढलेलं वजन त्या मर्यादेतूनच जातं, म्हणजे तुमच्या सामानातून. बारा हजार पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडायचा) आपल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर टाकतो, म्हणजे २४०० पौंड. त्यात चार माणसं आणि हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) धरा, तीन हजार झाले. चार दारांच्या, फोर-बाय-फोर, भरपूर सुखसोयींच्या डिझेल २५०० मध्ये पेलोड, म्हणजे ट्रकवर लादता येणारं वजन, पुष्कळदा दोन-अडीच हजारांतच संपतो. टॉर्क १०५० चा असला तरी ट्रक ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा ओव्हरलोड. त्याच रचनेतल्या पेट्रोल ट्रकला त्यापेक्षा जास्त वाव राहतो, आणि त्यातही बसत नसेल तर थोरला ३५०० बघावा लागतो. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर छापलेला असतो आणि प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो. डीलरकडे जाण्याआधी त्या स्टिकरचा फोटो मागवून घ्या.