सिग्नल हलतो हे कबूल, तरी वायफाय हवंच

नमस्कार,

इमारतीत रोबोटला आपली जागा ओळखायला वायफायची मदत होते, या माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वायफायच्या सिग्नलची ताकद जागच्या जागी बदलत राहते, मग तिच्यावरून रोबोटला आपली जागा कशी कळणार? गोदामात तुम्ही लायडार (लेझरने आजूबाजूच्या वस्तूंचं अंतर मोजणारा सेन्सर) वापरता, तो सेंटिमीटरपर्यंत अचूक आहे, तेव्हा वायफाय हवंय कशाला?

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. 'सिग्नलवरून राउटरचं अंतर काढता येतं' हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते लेखातून काढलं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद 6 डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलची ताकद सांगायचं माप) उतरते, पण इमारतीत लहरी भिंतींवर, लोखंडी कपाटांवर आपटून अनेक वाटांनी येतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे रोबोट वीतभर सरकला तरी आकडा बदलतो. काल मी मुद्दाम रोबोट आणि राउटरच्या मधे उभा राहिलो. स्क्रीनवरचा उणे 58 चा आकडा उणे 66 झाला, म्हणजे सिग्नल 8 डेसिबलने उतरला. बाजूला झालो, पुन्हा उणे 59. रोबोट जागचा हललाही नव्हता. माणसाच्या अंगातलं पाणीच तेवढा सिग्नल खातं.

पण अंतर काढायचंच नसतं. 2000 साली मायक्रोसॉफ्टच्या बहल आणि पद्मनाभन यांनी मजल्यावरच्या 70 जागी तीन बेस स्टेशनांच्या (राउटरसारख्या केंद्रांच्या) सिग्नलची ताकद नोंदवून ठेवली आणि नवी नोंद त्यांतल्या कुठल्या जागेशी जुळते ते पाहिलं. अंग आडवं येतं हे त्यांनाही दिसलं होतं, म्हणून प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून नोंदी घेतल्या. निम्म्या वेळा चूक 3 मीटरच्या आत राहिली.

तीन मीटर ऐकून तुम्हाला हसू येईल. आता आमच्या इमारतीत या. पूर्व आणि पश्चिम विंग हुबेहूब सारख्या: दार, खांब, दार, खांब. रोबोट बंद करून उचलला आणि पूर्वेकडे नेऊन सुरू केला. नकाशावर त्याच्या अंदाजांच्या ठिपक्यांचे (प्रत्येक ठिपका म्हणजे 'मी इथे असेन' असा एक अंदाज) दोन पुंजके झाले, प्रत्येक विंगमध्ये एक, आणि थोड्या वेळाने सगळे ठिपके पश्चिमेला गोळा झाले. लायडारची मापं अगदी बरोबर होती, विंग चुकली होती. आणि रोबोट त्याच चुकीच्या भरवशावर निघाला, ही मला सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते.

पूर्वेकडचा राउटर तिथे उणे 50 च्या आसपास ऐकू येतो, पश्चिमेकडचा उणे 85 ला. फरक 35 डेसिबलचा. मी मधे उभा राहून 8 डेसिबल खाल्ले तरी विंग ओळखण्यात गफलत होत नाही. पश्चिमेचे ठिपके वायफायने पुसायचे, उरलेल्यांतून नेमकी जागा लायडारने धरायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्या गोदामातही एकसारख्या रॅकच्या रांगा असणार, म्हणजे लायडारची हीच अडचण तिथेही येऊ शकते. पण रॅक मालाने भरले की आधी घेतलेल्या नोंदी जुळेनाशा होतात, तिथे तुमची शंका पुरेपूर रास्त आहे. एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या रॅकमधून प्रत्येक रांगेत मिनिटभर नोंदी घेऊन पाहाल का? दोन वेळच्या फरकापेक्षा दोन रांगांमधला फरक कमी निघाला, तर निदान तुमच्या गोदामापुरतं माझं म्हणणं मी मागे घेईन.