नौकाशास्त्र कुणावर सोडायचं? ‘दर्यावर्दी’ यांना उत्तर

‘दर्यावर्दी’ या नावानं लिहिणारे वाचक, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला खालीच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते तिथं मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितेय. ज्यांनी मूळ वाद पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयावरच्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर बुडालेलं हे युद्धनौकेचं धूड वाऱ्यानं बुडवलं नाही, ते राजाच्या हट्टानं आणि जाणकारांच्या गप्प बसण्यानं बुडालं. त्यावर तुमचं म्हणणं असं की राजानं मध्येच तोफांचा दुसरा मजला चढवायला लावला ही सांगोवांगीची गोष्ट आहे, खरा दोष पाण्यावरच्या भागाच्या अवजड लाकडी बांधणीचा. खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या याचा मी एका ओळीत उल्लेख करून पुढे गेले. फोटो काळेकुट्ट आहेत. रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ ही प्रवासी बोट बुडाली तिच्यावर लिहायचं सोडून आम्ही स्वीडनचं कौतुक करतो. आणि सगळ्यात शेवटी, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांच्या रांगेसकट, हे वाक्य: ‘ताई, प्रवासवर्णनं तुम्ही छान लिहिता, नौकाशास्त्र आमच्यावर सोडा.’

फोटोंचं मान्य. जहाजाचं लाकूड आणि शिडाचं कापड टिकावं म्हणून त्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि माझा मोबाईल जुना आहे. दुसरे टाकते.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण बाकीची प्रतिक्रिया मी चहा पिता पिता वाचली आणि ते वाक्य वाचून चहा तसाच राहिला.

‘आमच्यावर’ म्हणजे नक्की कुणावर, साहेब? तुम्ही जहाजावर नोकरी केली असेल, प्रोफाईलवर नांगराचं चित्र आहे त्यावरून तसं दिसतं. आदर आहे. पण ‘वासा’च्या भोवती त्या उन्हाळ्यात जमलेला प्रत्येक माणूस ‘आमच्यातला’च होता. कप्तान सोफ्रिंग हान्सन, आरमारी अधिकारी क्लास फ्लेमिंग, खलाशांचा मुकादम योरान मॅट्सन, जहाज बांधणारा हेन याकबसन. प्रवासवर्णनं लिहिणारी एकही बाई त्यात नव्हती. आणि या सगळ्या तज्ज्ञांना जहाज सुटायच्या आधी माहीत होतं की ते उभं राहत नाही!

कसं माहीत होतं, ते लेखात मी लिहिलं होतं. तुम्ही ते ओलांडून गेलात, म्हणून परत सांगते. जहाज धक्क्याला बांधलेलं असताना तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत एकदम धावायला लावलं. तीन वेळा. दर खेपेला जहाज अधिकच कलंडायला लागलं, तेव्हा फ्लेमिंगनं धावणं थांबवायला सांगितलं, नाहीतर जहाज धक्क्यालाच आडवं झालं असतं. माणशी सत्तर किलो धरा, तीस माणसांचे दोन टन होतात. बाराशे टनांचं जहाज दोन टनांनी असं झुलत असेल तर पुढचं समजायला नौकाशास्त्राची पदवी लागत नाही. मॅट्सननं नंतर चौकशीत साक्ष दिली की आपण फ्लेमिंगकडे काळजी बोलून दाखवली होती. फ्लेमिंगचं उत्तर असं होतं की बांधणाऱ्यानं याआधीही जहाजं बांधली आहेत, तू कशाला चिंता करतोस. म्हणजे ‘आमच्यावर सोडा’चीच स्वीडिश आवृत्ती.

तुम्हाला वाटत असेल की ही गोष्ट मी संग्रहालयातल्या फलकावर वाचली आणि भारावले. फलकावर वाचली हे खरं. पण वाचता क्षणी समजली, ती का, ते सांगते. आता थोडं घरचं येणार आहे, त्याला इलाज नाही, विषय तुम्ही काढलात.

माझे बाबा माझगावच्या गोदीत फिटर होते. नवं जहाज पाण्यात उतरलं की त्याची कलण्याची चाचणी होते, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे, कारण आमच्या जेवणाच्या ताटावर हाच विषय असायचा. जहाजाचे दोर सैल सोडतात, धक्क्यावरचा जिना काढून घेतात, नको ती माणसं खाली उतरवतात. मग मोजलेली वजनं डेकच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. पोटात एक लांब ओळंबा सोडलेला असतो, आणि त्याचा लोळ तेलाच्या बादलीत बुडवलेला, हेलकावे खाऊ नये म्हणून. दोरीमागे आडवी पट्टी. दर वजनामागे ओळंबा पट्टीवर किती सरकला, त्याची खूण करायची. बाबा सांगायचे की त्या वेळी डेकवर कुणी जागा बदलली तरी साहेब ओरडायचा. त्या खुणांवरून जहाजाचा भारमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटल्यासारखं असतं तो बिंदू, किती उंचावर आहे त्याचा हिशोब निघतो. एवढं सगळं मी नववीत असताना त्यांनी मला परातीतल्या पाण्यात वाटी तरंगवून समजावलं होतं. तीस माणसांच्या धावण्याचा फलक वाचला तेव्हा मला ती बादली आठवली. सोळाशे अठ्ठावीसच्या त्या धावण्यात ओळंबा लावलेला नव्हता, खुणांची पट्टी नव्हती, माणसंच वजन होती, पण चाचणी तीच. आणि निकाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

तेव्हा मला कशातलं कळतं आणि कशातलं नाही हे ठरवण्याआधी एकदा विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं.

आणि ‘नौकाशास्त्र आमच्यावर’ म्हणणाऱ्यांना आणखी एक गंमत सांगते. ‘वासा’ सापडलं कुणाला? अँडर्स फ्रान्झेन नावाच्या माणसाला. हा काही कप्तान नव्हता. इंधनाच्या विषयातला इंजिनिअर, बुडालेली जहाजं शोधायची हौस. त्यानं एवढाच विचार केला की बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट आहे, लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगत नाही, म्हणजे तिथली जुनी लाकडी जहाजं शाबूत असणार. मग होडीतून दोरीला बांधलेलं पोकळ टोकाचं वजन तळात सोडत राहिला, आणि १९५६ मध्ये त्या टोकात काळं पडलेलं ओक लाकूड वर आलं. पाणबुड्यांनी गाळात जहाजाखालून बोगदे खणले, त्यातून तारदोर ओवले, आणि २४ एप्रिल १९६१ ला जहाज पाण्याबाहेर आलं. तीनशे तेहेतीस वर्षं तळाशी होतं. ज्यांना ‘कळत’ होतं ते सगळे त्याच्यावरून ये-जा करत होते.

तिथल्या दालनात बुडालेल्यांपैकी काहींचे सांगाडे आहेत. त्यातल्या एकाला पुष्कळ वर्षं ‘गुस्ताव’ म्हणायचे. २०२३ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की ती बाई होती. आता तिला ‘गर्ट्रूड’ म्हणतात. जहाजावरच्या बाईला बाई म्हणून ओळखायला तज्ज्ञांना किती वेळ लागतो पाहा. (हे जरा लागेल असं लिहिलंय, ते मुद्दामच.)

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवणार नाही. दुसरा तोफमजला राजानं मध्येच चढवायला लावला, असं माझ्या लेखात कुठंही नाही, परत वाचा. बांधणी वरच्या अंगाला जड होती हे तुमचं बरोबर असेलही. मग ती कुणाच्या नाकाखाली उभी राहिली? राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ प्रशियात लढाईवर होता आणि तिथून जहाज लवकर द्या म्हणून तगादा लावत होता. जहाजाची मापं आणि तोफा त्याच्याच मान्यतेच्या. चौसष्ट तोफा, त्यात अठ्ठेचाळीस जड, चोवीस पौंडी गोळ्यांच्या. तुम्ही त्याला बांधणीचा दोष म्हणा, मी हट्ट म्हणते, पाण्यात दोन्ही एकाच ठिकाणी गेले.

मोजमापाचंही तेच. जहाजातून कारागिरांच्या चार मोजपट्ट्या निघाल्या, त्यातल्या दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या, दोन अकरा इंची ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. जहाज एका बाजूला दुसरीपेक्षा जड भरतं. एकाच धक्क्यावर दोन फूट चालताहेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, की आलं आणि बोलायची पंचाईत होती, ते तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच सांगा.

खिडक्यांचं बोलायचं तर त्या उघड्या होत्या, वाऱ्याच्या दुसऱ्या झोतात जहाज कललं आणि तिथूनच पाणी आत शिरलं. कप्तानाची चूक, झाली. मात्र त्या झाकणांच्या आतल्या बाजूला सिंहाची तोंडं कोरलेली आहेत. झाकण उघडलं तरच ती बाहेरच्यांना दिसतात. पहिला दिवस, काठावर गर्दी, धक्क्यापासून जेमतेम तेराशे मीटरचा प्रवास. असा मिरवायचा दिवस असताना झाकणं लावून निघायला कोणत्या कप्तानाची छाती झाली असती? आणि खिडक्या पाण्याच्या इतक्या जवळ का होत्या? त्याच मॅट्सनच्या साक्षीत आहे की फ्लेमिंगनं त्याला सुनावलं होतं, तळात नीरम (जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेले दगड) जास्त झालंय, खिडक्या पाण्याला टेकायला आल्यात. म्हणजे स्थैर्यासाठी दगड वाढवावेत तर पाणी आत, कमी करावेत तर जहाज आडवं. त्या पेचातून कप्तान एकटा काय सुटणार होता? त्याला त्याच दिवशी पकडून विचारलं, तोफा नीट बांधल्या होत्यास का, दारू प्यायला होतास का. पुढे चौकशीत बोट मूळ बांधकाम करणाऱ्या हेन्रिक हिबर्टसनकडे वळलं, जो आधीच्या वर्षीच वारला होता. शिक्षा कुणालाच झाली नाही. मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोयीचं असतं, हे तुमच्या ‘खरा दोष बांधणीचा’ या वाक्यातही दिसतं, रागावू नका.

‘रामदास’बद्दल मात्र तुम्ही बोलायला नको होतं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं. आमचं आजोळ त्याच किनाऱ्यावरचं. त्या गावांतल्या किती घरांतून त्या दिवशी माणूस परत आला नाही, हे मला कुणा टोपणनावाच्या माणसानं आठवण करून द्यायची गरज नाही. तीही एका कुशीवर कलंडूनच गेली, आणि वासाच्या दालनात उभी असताना तिची आठवण मला आली होती. लेखात घातली नाही, कारण घातली असती तर तुमच्यासारखाच कुणीतरी लिहिलं असतं की ताईंनी परदेशी सहलीत रडगाणं घुसवलं. दोन्हीकडून बोलायची सोय आहे तुमच्याकडे.

तिच्यावर लिहायचं तेव्हा लिहीन. कधी आणि कसं, ते माझं मी ठरवीन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल त्यात भारमध्याचा हिशोब टाका, बोलू. फोटो रविवारी बदलते.