व्हिनेगर का नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "तुमच्या कृतीनं रंगवलेला सुती कुर्ता तीन धुण्यांत फिका पडला. मग ब्लीचनं त्यावर नक्षी काढली आणि लगेच व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवला, तरी पंधरा दिवसांत भोकं पडली. रंग पक्का करायला सगळे व्हिनेगरच वापरतात, तुम्ही ते का गाळलंत?" असं तुम्ही विचारलंय.

रंग फिका पडण्यात घरी सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगानं (सुताच्या धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जाणारा रंग) रंगवण्यावरच्या माझ्या लेखाचा दोष आहे, तो आधी मान्य करते. 'धुण्याचा सोडा ६० ग्रॅम' एवढंच लिहिलं होतं. ते माप सोडा अ‍ॅशचं, म्हणजे कोरड्या पांढऱ्या भुकटीचं. तुम्ही काचेसारखे खडे वापरलेत. त्यांच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून खडे १६० ग्रॅम घ्यायला हवे होते. खायच्या सोड्यानं तर भागतच नाही.

बाकीची मापं तीच: कोरडं कापड २५० ग्रॅम, पाणी ५ लिटर, रंग ५ ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम. खळ काढलेलं कापड रंग आणि मिठाच्या पाण्यात अर्धा तास हलवत राहा. मग कापड बाजूला सारून, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा घाला आणि तासभर ठेवा. हे कोल्ड ब्रँड, म्हणजे कमी तापमानाला चढणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगासाठी, ३० ते ४० अंशांवर. पुडीवर हॉट ब्रँड लिहिलं असेल तर ८० अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताशी जोडला जातो तो सोड्याच्या अल्कलीत. सोडा कमी पडला की रंग धाग्यावर नुसता बसून राहतो आणि धुण्यात निघून जातो. अशा वेळी व्हिनेगर घालणं म्हणजे उरलासुरला सोडाही मारणं. व्हिनेगरचा उपयोग खरा आहे, पण तो लोकर आणि रेशमावर, अ‍ॅसिड रंगांसाठी, म्हणजे आम्लात चढणाऱ्या रंगांसाठी. सुताला त्याचा काही फायदा नाही.

आता भोकं. हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात कापडाबरोबर माणसालाही धोका आहे. बाटलीतलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, चांगलंच अल्कधर्मी. त्यात आम्ल पडलं की क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे कधीही करू नका. शिवाय व्हिनेगरनं ब्लीच संपत नाही. उलट अल्कली उतरत उतरत पाणी उदासीन झालं की हायपोक्लोराइट सुताला सगळ्यात वेगानं खातं. कापड त्या दिवशी धडधाकट दिसतं. पुढच्या धुण्यांत साबण-सोड्यानं ते कुजलेले धागे तुटतात. म्हणून भोकं उशिरा पडली, आणि माझा अंदाज आहे की पहिली शिवणीजवळ पडली असतील. तिथे दुहेरी कापडात ब्लीच अडकून राहतं.

नक्षी काढायचीच तर अशी: ब्लीच एक भाग, पाणी चार भाग. ओलं कापड गडद दिसतं, त्यामुळे हव्या त्या छटेच्या जरा आधीच थांबा. दहा मिनिटांत उतरला नाही तो रंग ब्लीचनं उतरवायचा हट्ट सोडा. भरपूर पाण्यात खळबळून घ्या. मग २ लिटर पाण्यात औषधाच्या दुकानातलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १०० मिली घालून त्यात बुडवा. जिथे ब्लीच शिल्लक आहे तिथून बारीक बुडबुडे येतात, तो निघणारा ऑक्सिजन. शिवण बोटांनी दाबून बघा. तिथलेही बुडबुडे थांबले की काम झालं. पेरॉक्साइडऐवजी फोटोग्राफीचा हायपोही (सोडियम थायोसल्फेट) चालतो. रेशीम, लोकर आणि स्पँडेक्सच्या वाटेला ब्लीच घेऊन जाऊच नका.

मलमलीसारख्या तलम कापडावरचा रंग उतरवायला ब्लीचपेक्षा हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइटची भुकटी) बरा: लिटरला ५ ग्रॅम हायड्रो, ५ ग्रॅम सोडा अ‍ॅश, ६० ते ७० अंश, पंधरा मिनिटं, खिडक्या उघड्या. डब्यात ओला चमचा घालू नका, ती भुकटी ओलाव्यानं पेटू शकते. नीळ (इंडिगोचा रंग) मात्र हायड्रोत पिवळट होते आणि हवा लागली की परत निळी. तिथे रंग गेला असं समजू नका.

तुमच्या कुर्त्यातले कुजलेले धागे आता सुधारणार नाहीत. भोकांपासून चार बोटं दूर कापड दोन्ही हातांनी ताणून बघा. टरकलं नाही तर तेवढा भाग पिशवीला किंवा ठिगळाला वापरता येईल, पण आधी त्याला पेरॉक्साइडचं पाणी द्या.