केळीचे रोप तयार होते, म्हणून यकृतही तयार होईल?

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे : आपली जी-९ केळी जशी टिश्यू कल्चरने वाढवतात, तसे रुग्णाच्याच पेशींपासून आता यकृत वाढवता येते, जपानमध्ये एका बाळावर हा उपचार यशस्वीही झाला, तेव्हा घरच्या माणसाने यकृत देण्याची गरज उरलेली नाही.

केळीची उपमा खानदेशात लगेच पटते, म्हणूनच ती आधी तपासली पाहिजे. मुनव्याच्या कोंबातील वाढत्या ऊतीपासून सबंध रोप उभे राहते, कारण मूळ, खोड, पान असे सारे घडवण्याची क्षमता त्या ऊतीत टिकून असते. यकृताची प्रौढ पेशी शरीरात असेपर्यंत विभागून मोठी तूटही भरून काढते; मात्र प्रयोगशाळेच्या बशीत ठेवल्यावर ती फारशी विभागत नाही आणि औषधांवर प्रक्रिया करणारी तिची विकरे काही दिवसांतच ओसरू लागतात. यावर तोडगा म्हणून, शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींपासून ज्या मूलपेशी (शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) घडवून दाखवल्या, त्यांना यकृताच्या वळणावर नेले जाते. पण त्यातून मिळणाऱ्या पेशी बहुधा गर्भातल्यासारख्या अपक्वच राहतात. जपानमधील ताकेबे यांच्या गटाने २०१३ मध्ये अशा पेशींपासून यकृताच्या कळ्या वाढवल्या खऱ्या, परंतु त्या काही मिलिमीटरच्या होत्या आणि उंदरांत रोवल्या गेल्या. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते, त्याला दोन मार्गांनी रक्त मिळते आणि पित्तनलिकांचे जाळे त्यात सर्वत्र पसरलेले असते.

जपानच्या बाळाची हकिकत खरी आहे, फक्त अर्धीच सांगितली गेली आहे. युरिया चक्राच्या, म्हणजे यकृतात अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या प्रक्रियेच्या, जन्मजात दोषामुळे त्या नवजात बाळाच्या रक्तात अमोनिया साचत होता. २०२० मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार, भ्रूणीय मूलपेशींपासून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नव्हे अशा पेशींपासून, तयार केलेल्या सुमारे १९ कोटी यकृतपेशी त्याला दिल्या गेल्या. त्यामुळे अमोनिया आटोक्यात राहिला आणि प्रत्यारोपण सोसण्याइतके ते वाढले. मग त्याला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. संदेशाने दिलेला दाखलाच संदेशाच्या विरुद्ध जातो.

‘मूलपेशींचे इंजेक्शन’ देऊ करणाऱ्यांविषयी थोडक्यात इतकेच, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यकृताच्या आजारात असा उपचार केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी त्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा, आणि तोवर नातेवाइकाच्या तपासण्या थांबवू नयेत.