राजवाड्याचं ‘रहस्य’ आणि काकांचा सिमेंटचा गिलावा

‘सातारच्या राजवाड्याचं रहस्य’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. फिरू दे म्हणून सोडून दिला असता. पण आमच्या मंगळवार पेठेतल्या काकांनी तो वाचून थेट गवंड्याला बोलावलं आणि स्वतःच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं ठरवूनही टाकलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो, राजवाडा इंग्रजांनी कोर्टासाठी बांधला. काहीतरीच! जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला, शेजारचा नवा त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराजांच्या. १८४८ साली आप्पासाहेब वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं, कोर्ट त्यानंतरचं. इथे कोर्ट हे भाडेकरू, घरमालक नव्हे.

दुसरं, चुन्यात गूळ, हिरडा घातल्यामुळे अशा इमारतींना दुरुस्ती लागतच नाही म्हणे. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर चुन्यात घालत असत, आणि हिरडा तर आपल्याच महाबळेश्वरच्या रानातला. पण मग दर उन्हाळ्यात कौलं चाळायला माणूस वर कशाला चढायचा?

तिसरं, ‘कोर्ट आणि शाळा घुसवून वास्तूचं वाटोळं केलं, कुलूप लावून जपायला हवी होती.’ वाड्याची बांधणी ज्याने नीट पाहिली आहे तो असं म्हणणार नाही. भार पेलतात खांब आणि तुळया. मधल्या भिंती बहुतेक नुसत्या भरावाच्या. खणांमध्ये, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, आडोसा घातला की कचेरी, काढला की दिवाणखाना, आणि उजेड-वारा चौकातून. म्हणून तर राजघराण्याची वास्तू शाळेला चालली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भीमरावांचं नाव राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झालं. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. याला वाटोळं म्हणायचं? माणसं वावरत असली की गळणारं कौल कुणाच्या तरी डोक्यावर ठिबकतं आणि बोंब होते. बंद वाड्यात वाळवीला विचारतो कोण?

आता खरा घातक मुद्दा. ‘जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, शंभर वर्षं निश्चिंत राहा.’ हे लिहिणाऱ्याने ओलीचं वर्तन कधी पाहिलेलंच नाही. दगडी जोत्यातून आणि मातीतून ओल वर चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, भिंत वाळते. सिमेंट घट्ट, ते ओल आत कोंडतं. बाहेरून भिंत दोन-तीन वर्षं गुळगुळीत, आणि आत भेंड्यांचा, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांचा, लगदा. मग लोणा फुटतो, म्हणजे भिंतीतला क्षार बाहेर येतो. हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते, बोटाने ठोकलं की आवाज भदभद येतो, आणि एक दिवस थाळीएवढा पोपडा खाली. आमच्या शेजारच्या गल्लीत असाच पोपडा काढला तेव्हा मागचा सागवानी खांब बुडापासून हाताने चुरत होता. वरून कोरडा ठणठणीत, आत कुजका.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१३ साली वारसा इमारतींच्या जतनावर आख्खं हँडबुक काढलंय. चुन्याच्या जुन्या बांधकामाला चुनाच वापरा, सिमेंटच्या वाटेला जाऊ नका, हे त्यात स्पष्ट आहे. सरकारी इंजिनिअर स्वतः सांगताहेत, माझं नका ऐकू.

शेवटी ‘कौलं काढून स्लॅब टाका’ असाही सल्ला आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या जिल्ह्यात जुन्या लाकडावर काँक्रीटचं वजन चढवायचं! यावर बोलायचीही इच्छा नाही.

काका, गवंड्याला परत पाठवा. त्याआधी मागच्या भिंतीलगतचा पन्हाळ बघा. तो फुटलाय, सगळं पाणी जोत्यात मुरतंय. तो बदला, सुटलेला गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या, मग चुना मळणारा माणूस शोधू. मेढ्याकडे एक जण अजून काम करतो, नंबर पाठवतो.